पुस्तिका जागेवर आहे

१

जुलैची सामायिक सुट्टी लागली की त्रोनहाइममधली ऑफिसं एका दुपारीत ओस पडतात. सगळा देश एकदम डोंगरातल्या नाहीतर समुद्रकाठच्या लाकडी घरांकडे पळतो. मागे उरतात ती दोन प्रकारची माणसं: ज्यांना कुठे जायचं नसतं ती, आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही ती. विग्दिस दोन्हींत मोडायची.

बंदराकडच्या एका जुन्या गोदामात, तिसऱ्या मजल्यावर, तिच्या कंपनीचं ऑफिस होतं. सॅमन माशांची पिल्लं वाढवणाऱ्या कारखान्यांसाठी ही कंपनी सॉफ्टवेअर बनवायची. टाक्यांतलं पाणी, पंप, धोक्याचे दिवे, सगळं एका पडद्यावरून चालवणारं. विग्दिस त्याची माहितीपुस्तिका लिहायची. म्हणजे पूर्वी लिहायची. आता तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच: नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी चाचणीच्या खोलीतल्या तीन संगणकांवर ती बसवायची, आणि पुस्तिकेचं फोल्डर आपल्या जागी तयार झालं ना, ते बघायचं.

ही जागा प्रत्येकाकडे वेगळी. विंडोजवर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्स, त्यात कंपनीचं नाव, त्यात डॉक्स. मॅकवर लायब्ररी आणि तिच्या आत डॉक्युमेंटेशन. लिनक्सवर यूएसआर, मग शेअर, मग डॉक. घर बदललं की चमच्यांचा खण बदलतो, पण खण असतोच, आणि परक्या स्वयंपाकघरातसुद्धा हात दोन-तीन खण उघडून तिथे पोचतो. नव्याने लागलेल्यांना विग्दिस असं समजावून सांगायची.

गेल्या वर्षीपासून तो खण रिकामा होता. वरच्यांनी ठरवलं की पुस्तिका संकेतस्थळावर राहील, यंत्रात नाही. फोल्डर मात्र तयार होत राहिलं, कारण ते तयार करणारी ओळ काढून टाकायला कुणाला सवड झाली नव्हती. विग्दिस रिकामं फोल्डर उघडायची, बंद करायची, आणि तपासणीच्या रकान्यात टिक करायची: रिकामं, अपेक्षेप्रमाणे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑफिसची यंत्रणा सांभाळणाऱ्या एइलिफने मदतीच्या क्रमांकाचा फोन तिच्या टेबलावर आणून आदळला. पिवळा पडलेला, उत्तर देणारं यंत्र पोटातच असलेला.

"पहिल्या काही घंटांत उचललास तर तुझा," तो म्हणाला. "नाही उचललास तर यंत्र बोलेल, तुझ्याच गोड आवाजात. आणि यंत्र बोलायला लागल्यावर उचललास तर नुसतं ऐकायचं. तू बोललेलं पलीकडे जात नाही."

"हा काय फोन झाला?"

"लग्न झालेल्या माणसांसाठी बनवलाय."

संदेश खरंच तिच्या आवाजात होता. शब्द स्पष्ट उच्चारते म्हणून तिलाच बोलायला लावलं होतं. 'आम्ही सध्या सुट्टीवर आहोत. आपला निरोप ठेवा. आपला उन्हाळा सुखाचा जावो.'

२

मागच्या जुलैत हाच संदेश आस्लाकने ऐकला होता.

आस्लाक म्हणजे उत्तरेकडच्या एका फ्योर्डवरच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीवरच्या, कारखान्यातला निवृत्त पंपवाला. उन्हाळ्यात नेहमीचे लोक सुट्टीवर गेले की त्याला बदलीवर बोलवायचे. जुनं सॉफ्टवेअर त्याने आयुष्यभर विंडोजवर चालवलं होतं. त्या वसंतात तिथे नवं यंत्र आलं, लिनक्सचं. एका दुपारी तळघरातला पंप थांबला. पाणी वाहायचं थांबलं की खाली साचलेल्या घाणीतून विषारी वायू वर येतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, भरपूर असेल तर कसलाच येत नाही. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आस्लाकलाही होतं. नव्या पडद्यावर काय केलं की तळघरात उतरणं सुरक्षित होतं, तेवढं ठाऊक नव्हतं. वर टाक्यांत लाखभर पिल्लं गुदमरत होती. रस्ता खणणाऱ्यांनी खोऱ्याच्या तोंडाशी इंटरनेटची तार तोडलेली होती. त्याच्या खिशात बटणांचा मोबाइल होता. त्याने मदतीच्या क्रमांकाला फोन केला, विग्दिसच्या आवाजाने त्याला सुखाच्या उन्हाळ्याच्या शुभेच्छा दिल्या, आणि तो खाली गेला.

मग चौकशी झाली. चौकशी म्हणजे टायवाल्यांनी पाण्याच्या बाटल्या समोर ठेवून केलेलं नाटक, ते विग्दिसने भिंतीशी बसून पूर्ण पाहिलं. आस्लाकचा निरोप ऐकवला गेला. आधी एक ओला खोकला, मग सावकाश आवाज: 'आस्लाक बोलतोय. पुस्तिका सापडत नाहीये. परत फोन करतो.' कंपनीच्या वकिलाने मान तिरकी करून दुःख दाखवलं आणि सांगितलं की मार्गदर्शन उपलब्ध होतं. उपलब्ध! तुटलेल्या तारेच्या दुसऱ्या टोकाला! पुढे म्हणाला, मृत कर्मचाऱ्याने ते नीट शोधल्याचा पुरावा नाही. पुरावा कसा असणार? तो कारखाना बंद पडताच कंपनीने यंत्र परत मागवलं आणि तपासणी खात्याचं पत्र यायच्या आत पुसून कोरं केलं. 'नेहमीचा पुनर्वापर,' असं त्याला नाव दिलं. चाचणीच्या खोलीतला तिसरा संगणक तो हाच. त्याच्या बाजूला माशाच्या आकाराचं निळं चिकटचित्र अजून होतं, अर्धं खरवडलेलं.

सुनावणी संपल्यावर आस्लाकची बायको बोर्गहिल बाहेरच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसली होती. विग्दिस समोर जाऊन उभी राहिली.

"पुस्तिका तू लिहायचीस ना?" बोर्गहिलनेच विचारलं.

"हो."

"आस्लाक शोधायचा. चष्मा हरवला तर आधी नेहमीच्या जागी बघायचा, दुसऱ्यांदाही तिथेच बघायचा, मग सगळं घर उलटंपालटं करायचा. तो न शोधता खाली गेला, असं तुमच्या लोकांनी कागदावर लिहून टाकलं." तिने कोटाची बटणं एकेक करून लावली. "पुढच्या माणसाला तरी जागेवर सापडू दे, एवढं बघ."

विग्दिसने मान हलवली होती. त्या होकाराची किंमत तिला तेव्हापासून कळत होती.

३

सोमवारी तिने नवी आवृत्ती तिन्ही यंत्रांवर बसवली. तिन्हींकडची फोल्डरं उघडली, रिकामी पाहिली, बंद केली. मग ती कॉफी आणायला गेली.

परत आली तेव्हा तिसऱ्या संगणकावर फोल्डरची खिडकी उघडी होती. यूएसआर, शेअर, डॉक, कंपनीचं नाव. आत काही नाही.

आपणच बंद करायला विसरलो, असं म्हणून तिने ती बंद केली. वीस वर्षं तीच तीच कामं करणाऱ्या माणसाला हात काय करतात ते कळतसुद्धा नाही. तिने डब्यातला पाव काढला, त्यावर तपकिरी चीजची चकती ठेवली, आणि छपरावरच्या समुद्रपक्ष्यांचं भांडण ऐकत खायला बसली. खोलीत ऊन होतं. जुलैत तिथे दिवसभर आणि जवळजवळ रात्रभर ऊनच असतं, लपायला कोपरा म्हणून नसतो.

त्या यंत्राची डिस्क जुनी होती. काही वाचायला लागली की डब्यात सुके वाटाणे हलवल्यासारखी वाजायची. ती वाजली.

विग्दिसने वळून पाहिलं. खिडकी पुन्हा उघडी होती, या वेळी एक पायरी वर, डॉकमध्ये. मग तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक पायरी वर, शेअरमध्ये. तिथली शेकडो नावं हळूहळू वर सरकत गेली, थांबली, परत खाली आली. कुणीतरी एक खण रिकामा पाहून शेजारचा उघडत होतं.

पाव तिच्या हातात तसाच राहिला. कळफलकावर कुणाचा हात नव्हता. तिने कळफलकाची तार काढून तो कपाटावर ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन बसली. नावं सरकतच होती.

४

मंगळवारी ती यंत्रामागे जाऊन उभी राहिली, हात कोटाच्या खिशात घालून, म्हणजे आपल्याच हातांवर संशय नको. बराच वेळ काही झालं नाही. मग वाटाणे वाजले, खिडकी उघडली, आणि वरच्या पट्टीत अक्षरं उमटायला लागली.

एका बोटाने टंकावं तशी ती येत होती. आधी सी. मग बराच वेळ काही नाही, जणू पुढचं चिन्ह कुठल्या बटणावर आहे ते शोधणं चाललंय. मग प्रोग्रॅम फाइल्स. मग कंपनीचं जुनं नाव, तीन वर्षांपूर्वी बदललेलं. यंत्राने सांगितलं, अशी जागा नाही. पट्टी रिकामी झाली. पुन्हा सी. पुन्हा तेच सगळं, आणखी सावकाश, नीट न ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगावं तसं.

लिनक्सवर सी ड्राइव्ह नसतो. या इमारतीत काम करणारा कुणीही तो तिथे शोधणार नाही, झाडूवालासुद्धा नाही. तो शोधेल तो फक्त असा माणूस, ज्याने जन्मभर पुस्तिका एकाच जागेवरून काढून वाचली आणि ज्याच्यासमोर एका वसंतात न विचारता दुसरंच यंत्र आणून ठेवलं.

विग्दिसने खाली वाकून नेटवर्कची केबल उपटली. अक्षरं येतच राहिली.

एइलिफ त्याच्या बोटीवर होता. फोनवर वारा फडफडत होता.

"तिसऱ्या यंत्रात कुणी दुरून शिरू शकतं का?" तिने विचारलं.

"केबल काढ."

"काढली."

"मग नाही शिरू शकत. मग तूच आहेस. दोन दिवस एकटी आहेस ना तिथे? आणखी दोन दिवसांनी कॉफीच्या यंत्राशी भांडायला लागशील."

"ते झालंय कधीच."

तो हसला. मग हसायचा थांबला. "विग्दिस, ते यंत्र मी पुसलं होतं. एकदा पुसलं तरी पुरतं. मला दोनदा पुसायला सांगितलं." वारा मध्येच सगळं खाऊन टाकत होता. "मी तीनदा पुसलं. का कुणास ठाऊक. माझ्याच्याने राहवलं नाही." आणि लगेच तो पकडलेल्या बांगडा माशांविषयी सांगायला लागला, किती, केवढे, कुणी गळाला लावले, आणि तिने ते ऐकून घेतलं, कारण दोघांनाही त्या क्षणी मासेच बरे वाटत होते.

फोन ठेवल्यावर तिने शहाण्या माणसासारखं सगळं तपासलं. आपोआप चालणारी एखादी चाचणी कुणी मागे ठेवली आहे का, कुणाचं जुनं खातं जिवंत आहे का. काही नव्हतं. एवढं कोरं यंत्र तिने आजवर पाहिलं नव्हतं.

आधी नेहमीच्या जागी बघायचा. दुसऱ्यांदाही तिथेच बघायचा.

५

बुधवारी हालवर्दचा फोन आला. हालवर्द तिचा वरिष्ठ. त्याच्या सहीने पुस्तिका यंत्रांतून गेली होती, आणि चौकशीत वकिलाच्या शेजारी तोच बसला होता. आता डोंगरातल्या घराच्या ओट्यावरून बोलत होता. मागे कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"टिक झाली का, विग्दिस? चाळीसेक कारखाने वाट बघतायत."

ती म्हणाली, या आवृत्तीबरोबर पुस्तिका पाठवू या. तिन्ही ठिकाणी, जिथे पूर्वी असायची तिथे. फोल्डर आहेच, नुसती आत ठेवायची.

"अगं, तो वाद गेल्या वर्षी मिटला."

"मिटला नाही, गाडला."

त्याने उसासा टाकला. मग त्याने तिला नेहमीचं सगळं ऐकवलं. डाउनलोड जड होतं, संकेतस्थळावरची प्रत ताजी असते, ग्राहकाला हेच हवंय. आणि मग प्रेमाने म्हणाला, "पुस्तिका कुणी वाचत नसतं. तू लिहितेस म्हणून तुला तसं वाटतं."

"एक माणूस वाचायला गेला होता."

लाकूड फोडणं थांबलं. "ते सिद्ध झालेलं नाही," हालवर्द म्हणाला. "आणि तू हे असं कुणाजवळ बोलू नयेस. सप्टेंबरात विभागाची फेररचना आहे, तुला ठाऊक आहे. रिकामं, अपेक्षेप्रमाणे. एवढंच लिहायचंय. शुक्रवारपर्यंत लिही."

चाचणीच्या खोलीतून वाटाण्यांचा आवाज येत होता. काल-परवापेक्षा घाईचा. नावं आता सरकत नव्हती, पळत होती. विग्दिसला एकदम लक्षात आलं की तिला भीती वाटत नाहीये, निदान त्याची वाटत नाहीये. तिला लाज वाटत होती, पाहुणा पाणी मागून मागून थकला आणि आपण घरात असून उठलो नाही, तशी. चाळीस ठिकाणी चाळीस बदली माणसं याच आठवड्यात पंपांपाशी बसली असतील. त्यांतल्या एखाद्याचा पंप थांबेल. तोही असाच खण उघडत बसेल.

६

शुक्रवारी तिने जुन्या साठ्यातून पुस्तिका काढली, यंत्रांबरोबर शेवटची गेलेली ती. नेहमीची तपासणी केली: नाव बरोबर, आकार बरोबर, उघडते, मुखपृष्ठ आहे, शेवटचं पान आहे. वीस वर्षं तिने हेच तपासलं होतं, आहे की नाही आणि उघडते की नाही. आतला मजकूर तिचाच होता. स्वतः लिहिलेलं पत्र टपालात टाकताना कोण पुन्हा वाचतं?

पुस्तिका तिने नव्या आवृत्तीत घातली. विंडोजवर बसवून पाहिली: डॉक्समध्ये हजर. मॅकवर: हजर. तिसऱ्या यंत्राजवळ ती गेली तेव्हा वाटाणे शांत होते आणि पडदा मोकळा होता. तिने तिथेही ती बसवली. यूएसआर, शेअर, डॉक, कंपनीचं नाव, आणि त्याखाली एक छोटं चित्र, पुस्तकाचं.

रकान्यात तिने 'रिकामं' खोडलं आणि लिहिलं: पुस्तिका जागेवर आहे. टिक केली. पाठव म्हटलं.

पडद्यावर देशाचा नकाशा उमटला. किनाऱ्यावर एकेका कारखान्याने आवृत्ती उचलली की तिथे हिरवा ठिपका लागायचा. दक्षिणेकडून ठिपके लागत निघाले. वर्षभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं, काचेच्या मोठ्या खिडकीवर दगड भिरकावल्यावर वाटावं तसं. हालवर्द सोमवारी ओरडेल. ओरडू दे. सप्टेंबरात काढतील. काढू दे. बोर्गहिलला फोन करायचा, आजच.

तिने जाकीट उचललं, आणि चाचणीच्या खोलीत वाटाणे वाजले.

७

ती दारातच थांबली.

तिसऱ्या पडद्यावर खिडकी उघडली. वरच्या पट्टीत सी आला नाही. बहुतेक तो आता शिकला होता. यूएसआर, शेअर, डॉक. प्रत्येक पायरीवर जरासं थांबत. मग कंपनीचं फोल्डर, आणि आत ते एकटं चित्र.

त्यानंतर इतका वेळ काहीच झालं नाही की विग्दिसला आपला श्वास ऐकू यायला लागला. मग पुस्तिका उघडली.

पानं उलटत गेली. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, टाक्या, खाद्य. तळघराच्या पंपाचं प्रकरण आलं आणि वेग कमी झाला. पान एक ओळ वर सरकलं, थांबलं, परत खाली आलं. ज्याला चष्मा नीट लागत नाही तो माणूस असंच वाचतो.

ऊन खिडकीतून तिरपं त्या पडद्यावर पडलं होतं. काचेवर कारखान्यातून आलेली जुनी धूळ होती, मत्स्यखाद्याची, तेलकट, विग्दिसने पुष्कळदा पुसूनही न गेलेली. त्या धुळीत एक रेघ उमटली. बोटाएवढी रुंद. एका ओळीखालून डावीकडून उजवीकडे सावकाश गेली, ओळ संपल्यावर थांबली, आणि पुन्हा डावीकडून निघाली.

तिने ती ओळ वाचली. तिचीच ओळ होती.

'पंप थांबताच तळघरातला पंखा आपोआप सुरू होतो. दिवा हिरवा झाल्यावर खाली उतरावे.'

जाकीट तिच्या हातून गळून पडलं.

जुन्या आवृत्तीत ते खरं होतं. नव्या आवृत्तीत पंखा आपोआप सुरू होत नाही. दुसऱ्या एका कंपनीने तो स्वस्तात चालवून देतो म्हटलं, आणि विग्दिसच्या कंपनीने पंखा या सॉफ्टवेअरमधून काढून टाकला. त्याचं बटण आता जिन्याच्या तोंडाशी भिंतीवर असतं, हाताने दाबायचं. हिरवा दिवा आता फक्त पंपाची वीज तुटल्याचा, हवेशी त्याचा संबंध नाही. ज्या बैठकीत हे ठरलं तिथे विग्दिस होती. तिने वॅफल खाल्लं होतं, जॅम लावून. संकेतस्थळावरची प्रत दुसऱ्या कुणीतरी सुधारली. यंत्रातली सुधारायचा प्रश्नच नव्हता, कारण यंत्रात ती राहिलीच नव्हती.

आता होती. चाळीस ठिकाणी, नेमकी जागेवर.

"तसं नाहीये," ती पडद्याला म्हणाली. "ऐका. ते जुनं आहे. भिंतीवर बटण आहे."

बोटाची रेघ तिसऱ्यांदा ओळीखालून गेली. मग पुस्तिका बंद झाली. फोल्डर बंद झालं. खुर्चीवरून उठणारा माणूस ती मागे सारतो तसा एक आवाज झाला, पण खुर्ची हलली नव्हती.

८

ती आपल्या टेबलाकडे धावली. नकाशावर ठिपके उत्तरेपर्यंत पोचले होते. आवृत्ती मागे घेण्याचं बटण तिने दाबलं. पाठवायला एका माणसाची टिक पुरते, मागे घ्यायला दोन लागतात. हेही कुठल्याशा बैठकीतच ठरलं होतं, घाबरून घाईने काही मागे घेतलं जाऊ नये म्हणून. तिने हालवर्दला मोबाइलवरून फोन लावला. लागला नाही. डोंगरात वरच्या घराकडे चढताना रेंज जाते. एइलिफला लावला. तो समुद्रात होता.

पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा पाठवावी म्हणून तिने ती ओळ उघडली. 'पंखा हाताने सुरू करावा' एवढं लिहायला तिला जन्म लागला. मागे मदतीचा फोन वाजत होता. तो वाजतोय हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत घंटा संपत आल्या होत्या.

तिने झडप घालून रिसीव्हर उचलला.

"आम्ही सध्या सुट्टीवर आहोत," तिचा आवाज रिसीव्हरमध्ये बोलत होता, स्पष्ट, प्रसन्न.

"हॅलो! थांबा, खाली जाऊ नका! ऐकू येतंय का?"

"आपला निरोप ठेवा. आपला उन्हाळा सुखाचा जावो."

शिट्टी वाजली. पलीकडे मोकळ्या जागेचा आवाज होता, वर टाक्यांत पाणी डुचमळत असल्यासारखा. मग खोकला, ओला.

तिच्या मनातल्या शहाण्या भागाने लगेच सांगितलं की साठी उलटलेल्या बदली माणसांचे खोकले सारखेच असतात. चाळीस कारखाने आहेत. कुणीही असू शकतो, जिवंत, आत्ता याच क्षणी फोन हातात धरलेला. आणि तसं असेल तर ते जास्तच वाईट होतं.

"सापडली," आवाज म्हणाला. सावकाश, समाधानाने. "होती तिथेच होती. उगाच तुम्हाला त्रास दिला."

"बटण भिंतीवर आहे!" विग्दिस ओरडत होती. "पंखा आपोआप लागत नाही! हिरवा दिवा हवेचा नाही, ऐका माझं!"

"दिवा हिरवा झालाय," तो म्हणाला. "जाऊन येतो."

फोन बंद झाला नाही. तो कुठेतरी ठेवला गेला, पत्र्यावर ठेवल्यासारखा वाजला, आणि पावलं दूर गेली. एक जड दार उघडलं. मग लोखंडी जिन्यावर बूट, एकेक पायरी, वयाने जपून उतरणारे.

विग्दिस रिसीव्हर कानात घुसेल इतका दाबून उभी होती. ओरडणं तिने सोडून दिलं होतं, कारण तिचं ओरडणं या खोलीतून बाहेर जात नव्हतं, आणि ओरडत राहिलं तर ऐकू येणार नव्हतं. भिंतीवरचं बटण. त्याने येताजाता सहज दाबलं असेल. जुन्या सवयीने हात गेला असेल. जिन्याखाली कुठेतरी पंखा फिरायला लागेल, आत्ता, आत्ता.

पावलं खाली पोचली.

छपरावर पक्षी भांडत होते. समोरच्या पडद्यावर नकाशा हिरव्या ठिपक्यांनी भरला होता. त्याच्याखाली तिची टिक होती आणि तिने लिहिलेली ओळ. या वेळी चौकशीत कुणाला खोटं बोलावं लागणार नव्हतं. मार्गदर्शन उपलब्ध होतं. कर्मचाऱ्याने ते शोधलं, त्याला सापडलं, आणि त्याने ते शब्द न् शब्द पाळलं.

रिसीव्हरमध्ये पाणी डुचमळत राहिलं. पंख्याचा आवाज येतो का, ते ती ऐकत राहिली.